शुक्रवारी येणारं मुंगूस

नेरूळच्या त्या दवाखान्यात कोंबडी येण्याची पद्धत नव्हती. तिथे लॅब्रॅडॉर यायचे, पर्शियन मांजरं यायची, एकदा एक इग्वाना येऊन गेला होता आणि त्याच्या मालकिणीने त्याला स्वेटर घातलं होतं. सोफ्याच्या वर ‘आपल्या बाळाला मांडीवर घ्या’ अशी पाटी होती. दोन पायांच्या बाळांबद्दल पाटीला काही म्हणायचं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, अकराच्या सुमारास, काचेचं दार खांद्याने ढकलत एक तरुण आत आला. उंच, सावळा, आणि कान जरा जास्तच मनमोकळे. हातात कुणाच्या तरी लग्नात मिळालेली, ‘शुभविवाह’ छापलेली कापडी पिशवी. पिशवीतून एक तांबूस कोंबडी मान बाहेर काढून दवाखान्याकडे बघत होती. तिला तो फारसा पसंत पडलेला दिसला नाही.

“नाव?” काउंटरवरच्या प्राचीने विचारलं.

“केतन भोपी. शिरवणे गाव.”

“तुमचं नाही. पेटचं.”

“शेवंती.”

“ब्रीड?”

“गावठी.”

“गावठी कसं लिहू? इथे लिस्ट आहे.”

“मग लिस्टमधी घाला. पण बॉयलर नका लिवू. आई फाडून खाईल मला.”

सोफ्याखालचा लॅब्रॅडॉर उठून पिशवीजवळ आला. शेवंतीने मान तिरकी करून त्याच्याकडे फक्त एका डोळ्याने पाहिलं. लॅब्रॅडॉर परत सोफ्याखाली गेला आणि मालकाने बिस्किट दाखवूनही बाहेर आला नाही.

मोठे डॉक्टर आत एका पूडलचे दात साफ करत होते. त्यामुळे बाहेर आली ती डॉक्टर वैष्णवी शेडगे. वय सव्वीस, मूळ गाव साताऱ्याकडचं, जन्म आणि जाणतेपण कोपरखैरण्यातलं. पाच वर्षं ती गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या शिकली होती आणि गेले आठ महिने कुत्र्यांची नखं कापत होती. पिशवीतली कोंबडी बघून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

“काय होतंय हिला?”

“पाणी पिते.”

“सगळेच पितात.”

“हिच्यासारखं नाय, मॅडम. तांब्या ठेवला तर तांब्या, बादली ठेवली तर बादली. आणि मग झुलते. आमच्यात हळदीला काका लोक झुलतात ना, रात्री बारानंतर – डिट्टो.”

वैष्णवीने शेवंतीला टेबलावर घेतलं. तुरा काळपट पडला होता, पंख लोंबत होते आणि मागची पिसं ओली होती. तिने मान वळवून पाहिली.

“मान वाकडी होत नाहीये. म्हणजे मानमोडी नाही. बाकीच्या कशा आहेत?”

“बाकीच्या टकाटक.”

“मग साथ नाही. हिनेच काहीतरी खाल्लंय.”

तिने गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. पाण्याने भरलेला फुगा हाताला लागावा तशी ती लागली. मग वैष्णवीने दोन बोटांनी चोच उघडली, डोळे मिटले आणि नाक शेवंतीच्या चोचीत जवळजवळ घालून एक दीर्घ श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा केतन तिच्याकडे बघत होता. कोंबडीच्या तोंडाचा वास घेणारी मुलगी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी. पाहिली ती आवडलीही असावी, कारण तो पापणी मिटायची विसरला होता.

“हिला खारा बांगडा कोण घालतं?”

केतनचे कान लाल झाले. सुरुवात पाळ्यांपासून झाली आणि रंग टोकापर्यंत रीतसर चढत गेला. असे कान तिने फक्त सशांमध्ये पाहिले होते.

“घालत नाय कोण. म्हणजे... पिंजऱ्यात असतो.”

“कसला पिंजरा?”

“मुंगसाचा. आमचे कोंबडे जातात, मॅडम. एक-एक करून चार गेले. आई बोलली मुंगूस हाय, पिंजरा लाव. मी लावला. आत खारा बांगडा टांगला. आमच्याकडं दुसरं काय असणार?”

“मुंगूस पकडणं गुन्हा आहे, माहितीये?”

“सापडलं कुठं? हीच सापडते. रोज सकाळी आत जाते, बांगडा खाते, दार पडतं, मग मी उठेपर्यंत आत शांत बसते. मी सोडतो. दुसऱ्या दिवशी परत हजर.”

“आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी परत बांगडा टांगता?”

“मुंगसासाठी,” केतन म्हणाला. पण ते तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला नाही, टेबलाच्या पायाकडे बघून म्हणाला. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

“मिठाने विषबाधा झालीय हिला. कोंबडीला एवढं मीठ झेपत नाही. बांगडा बंद, पिंजरा बंद. आता पाणी द्यायचं, पण एकदम नाही. दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे. विसरलात तर...”

“तर?”

“तर लिस्टमधून नाव काढावं लागेल.”

केतनने शेवंतीला परत पिशवीत घातलं. दारापर्यंत गेला आणि वळला.

“मॅडम, दर पंधरा मिनिटांनी दिलं हे तुमाला कळणार कसं?”

“मला कळायची काय गरज आहे?”

“नाय म्हणजे... डॉक्टरला टेन्शन नको.”

तिने नंबर दिला. पेशंटसाठी दिला, असं तिने प्राचीला आपणहून सांगितलं. प्राचीने विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सातपर्यंत अठ्ठावीस मेसेज आले. प्रत्येकात दोनच शब्द – “दोन चमचे.” एकोणतिसाव्यात जरा जास्त मजकूर होता : “उभी राहिली. मला टोचली. रक्त आलं.” सोबत बोटाचा फोटो. एवढ्या आनंदाने स्वतःच्या रक्ताचा फोटो पाठवणारा माणूस वैष्णवीने आजवर पाहिला नव्हता. तिने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. जखम केवढी आहे ते बघायला, अर्थात.

---

चार दिवसांनी केतनचा फोन आला. “आई बोलते, शेवंतीला वाचवणारी डॉक्टर दाखव. आणि... कोंबडे पण एकदा बघून घ्या.”

शिरवण्यात भोप्यांची चार मजली बिल्डिंग होती. वरचे तीन मजले भाडेकरूंचे, तळमजला भोप्यांचा, आणि मागची बारा फुटांची पट्टी कोंबड्यांची. खुराडं म्हणजे आडवं पाडलेलं एक जुनं लोखंडी कपाट होतं. साड्यांच्या कप्प्यात कोंबडे बसत. अंडी तिजोरीत घातली जात.

केतनची आई विमलबाई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांनी वैष्णवीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तूच गो ती डॉक्टरीन? बारकी हायस. आमचे शेवंतीचा तोंड हुंगलंस म्हनं?”

“हो. निदानासाठी.”

“मी सुकट खाल्ली का माझे घरची मानसां माझे तोंडाशी नाय येत. बस. चाय घे.”

चहा पिता पिता वैष्णवीला सगळी गोष्ट कळली, आणि कळली नसती तर बरं झालं असतं असंही तिला नंतर वाटलं. विमलबाईंच्या स्वतःच्या लग्नात एकवीस गावठी कोंबडे होते. लोक अजून नाव काढत होते. मुलाच्या लग्नात एक कमी म्हणजे घराण्याची शोभा.

“आईला बोललेय मी,” विमलबाईंनी भिंतीवरच्या देवीकडे बोट केलं. “एकवीस कोंबरे दारात झाले का केतनची हलद. पोरगी पन बघली हाय. नावड्याची राजश्री. बापाच्या तीन बिल्डिंगी. पन कोंबरे पुरे व्हतील तवा ना! अकरा हायत, चार त्या मुंगसाने नेले. तू धर गो त्याला. केतनच्यानी नाय व्हयाचा.”

“एकवीस झाले की... यांचं लग्न?”

“त्याच दिशी तारीख कारीन.”

“छान,” वैष्णवी म्हणाली. तो ‘छान’ एवढा बारीक का निघाला, याचं निदान तिला चटकन करता आलं नाही. चहा गरम होता, असं तिने धरून चाललं.

केतन मागे उभा राहून कोलंबीच्या सालांकडे पाहत होता.

वैष्णवी कामाला लागली. काम अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिचे वडील बाबासो वाशीच्या बाजारात माथाडी होते, आणि एकदा खांद्यावर घेतलेली गोण मध्येच खाली ठेवायची नाही एवढी एकच शिकवण त्यांनी लेकीला दिली होती. आठवड्यातून दोनदा, दवाखाना सुटला की तिची स्कूटर शिरवण्याच्या गल्लीत वळू लागली.

“ही जाळी काढा,” तिने केतनला सांगितलं. “हिच्यातून मांजराचा पंजा आत जातो. बारीक चौकटीची आणा. आणि जमिनीखाली फूटभर पुरायची. मुंगूस खणतं.”

“खणतं?”

“खणतं. कडी पण दोन लावा. उदमांजर एक कडी उघडतं.”

“मॅडम, तुमी आमच्या बाजूने आहात का उदमांजराच्या?”

“हातोडी द्या.”

तो खिळा धरायचा, ती हातोडी मारायची. डिसेंबरच्या संध्याकाळी एमआयडीसीकडून धुराचा मंद वास यायचा, वरच्या मजल्यावर कुणीतरी फोडणी टाकायचं आणि कोंबडे एकमेकांशी दिवसभराची भांडणं मिटवत कपाटात शिरायचे. एकदा त्याने हळूच हात पुढे केला आणि तिच्या केसांतून काहीतरी काढलं.

“पीस,” तो म्हणाला.

“मग टाका ना.”

“टाकतो,” असं म्हणून त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं.

पिल्लं वाढत होती. अकराचे चौदा झाले. पलीकडच्या टॉवरमधल्या लोकांनी अलार्म लावणं सोडून दिलं. विमलबाई बोटांवर मोजत आणि खूश होत. वैष्णवीही मोजत असे. मात्र घरी जाताना स्कूटर उगाच हळू चालवत असे. तिने मारलेला प्रत्येक खिळा नावड्याच्या राजश्रीच्या मांडवाला लागत होता. आपण इतकं चांगलं काम का करतो, असा प्रश्न माणसाला आयुष्यात क्वचित पडतो; तिला तो आठवड्यातून दोनदा पडत होता.

तेवढ्यात एक कोंबडा गेला. तेरा राहिले.

वैष्णवीला वाईट वाटलं. मग वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं मात्र खरोखर वाईट वाटलं. त्या भरात तिने प्रत्येक कोपरा दोनदा तपासला. पिल्लं मोठी होऊन सोळा झाले, पुन्हा एक गेला.

ती वही घेऊन बसली. केतन शेजारी उकिडवा बसला. शेवंती त्या दोघांच्या मध्ये.

“हे बघा,” ती म्हणाली, “मुंगूस असतं तर रक्त सांडलं असतं. उदमांजर एकावर थांबत नाही, आत शिरलं की चार-पाच मारून टाकतं. घार दोन किलोचा कोंबडा उचलू शकत नाही. घोरपड अंडी खाते, आणि अंडी तिजोरीत जशीच्या तशी आहेत. इथे रक्त नाही, पीस नाही, जाळी फाटलेली नाही. आणि जाताना दोन्ही कड्या परत लावून गेलाय.”

“सभ्य दिसतोय,” केतन म्हणाला.

“कोंबडा ओरडलासुद्धा नाही. म्हणजे ओळखीचा.”

“साप असेल.”

“सापाला कडी लावता येत नाही, केतन.”

पहिल्यांदाच ती त्याला नुसतं केतन म्हणाली होती. त्याचे कान चढू लागले. ती खूश झाली. कान कशाने लाल होतात हे तिला आता कळलं, असं तिला वाटलं. निम्मंच कळलं होतं.

---

घरी जाऊन तिने वहीतल्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. आधीच्या चार तारखा विमलबाईंनी देवीच्या फोटोमागे खडूने लिहून ठेवल्या होत्या, नंतरच्या दोन तिच्या होत्या. सहाही कोंबडे शुक्रवारी गेले होते.

सोमवारी मुंगूस आलं नव्हतं. रविवारी आलं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमा पाळत नव्हतं. एमआयडीसीची शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी मात्र न चुकता पाळत होतं. आणि शिरवण्याच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर कोण होतं, हे वैष्णवीला माहीत होतं.

ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसली. मग तिने पाव किलो रांगोळी आणली.

गुरुवारी संध्याकाळी कपाटासमोर तिने रांगोळीचा पातळ थर पसरला. विमलबाई म्हणाल्या, “दारान घाल गो रांगोली, खुराऱ्याला कशाला?” वैष्णवी म्हणाली, “पाहुणा येणार आहे.”

शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. दुपारी विमलबाई देवळात भजनाला गेल्या, तेव्हा ती मागच्या जिन्यावर, भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या गोधड्यांआड बसली होती. दहा मिनिटांत भक्षक आला. चपला काढून, अनवाणी. काखेत ‘शुभविवाह’ची पिशवी. त्याने दोन्ही कड्या हळूच काढल्या आणि एका पांढऱ्या कोंबड्याला उचलून घेतलं.

“घाबरू नको रे,” तो कोंबड्याच्या कानात सांगत होता. “मजा हाय तिकडं. समुद्र हाय, वारा हाय. तुझे सगळे भाऊ भेटतील.”

“बोला, मुंगूस,” गोधडीआडून आवाज आला.

केतन जागच्या जागी गोठला. कोंबडा मात्र जोरात आरवला.

“याला... जरा फिरवून आणतो.”

“कुठे?”

“मोऱ्याला.” खोटं बोलायची ताकद संपली तसा तो खाली बसला. “उरणला, जेट्टीजवळ. सौरभ राहतो, माझा मावसभाऊ. सगळे तिकडं हायत, मॅडम. सहाच्या सहा. एकाला पण काय झालं नाय. उलट वजन वाढलंय.”

“आणि तो पिंजरा?”

“आईला दाखवायला. मुंगूस नव्हतंच. माझ्या खोट्यापायी शेवंती मरता मरता राहिली... त्या दिवशी तुमी बोललात ना मिठाने झालंय, मला वाटलं, जमीन फाटावी.”

“का पण?”

“एकवीस होऊ द्यायचे नव्हते. राजश्रीला पण नाय करायचं हे लग्न. तिचं तळोज्यात एक जमलंय. ती दर रविवारी फोन करून विचारते, आकडा किती? बोलली, अठरा झाले की सांग, मी बॅग भरते.” त्याने कोंबडा या हातातून त्या हातात घेतला. “पहिले चार असे नेले.”

“आणि नंतरचे दोन? हा तिसरा?”

केतन रांगोळीकडे बघू लागला. स्वतःच्या पायांचे ठसे त्याला आत्ता दिसले.

“तुमी जाळी एवढी जबरी मारली ना... मांजर येईना, घूस येईना. शेवंती बरी. सगळे ठणठणीत. तुमाला यायला कारणच उरलं नाय. कोंबडा गेला की तुमी यायच्या. वही घेऊन. म्हणून...”

“फोन करून ‘कोंबडा गेला’ असं नुसतं सांगता आलं असतं.”

“खोटं कसं सांगू?” तो मनापासून म्हणाला. “गेलेला पाहिजे ना.”

वैष्णवीला खूप रागवायचं होतं. तिने भुवया जुळवल्या, ओठ आवळले, पण गालांनी साथ दिली नाही.

“आणि मी मूर्खासारखी इथे खिळे ठोकत होते. प्रत्येक खिळ्याला वाटायचं की...”

“काय वाटायचं?”

“काही नाही. खिळे गंजके होते.”

गल्लीत भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली. तो हसला, मग ती हसली. कोंबड्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पिशवीत स्वतःहून डोकं घातलं.

“आज मोरा नाही,” ती सावरून म्हणाली. “हा परत कपाटात. आणि विमलबाईंना मी शब्द दिलाय, भक्षक शोधून देईन म्हणून. रविवारी तुम्ही त्यांना सांगा. नाही सांगितलंत तर मी रिपोर्ट देईन.”

“लेखी?”

“सहीनिशी.”

---

रविवारी केतन आईसमोर उभा राहिला. विमलबाई विळीवर पापलेट कापत होत्या. वैष्णवी दाराशी होती. केतनने घसा साफ केला, देवीकडे पाहिलं, विळीकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई... मुंगूस.”

“काय मुंगूस?”

“हाय.”

एवढं बोलून त्याचं धैर्य संपलं. वैष्णवीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

“रिपोर्ट आहे, विमलबाई. वाचते.

“भक्षकाचा प्रकार : दोन पायांचा, नर. वय एकोणतीस, वजन अंदाजे बहात्तर किलो. कान मोठे, पकडला गेल्यास लाल होतात. वावर : शुक्रवारी दुपारी, भजनाच्या वेळेत. सवयी : भक्ष्य खात नाही, उरणला हवापालटासाठी नेतो. स्वभाव : निरुपद्रवी, पण खोटं बोलायला गेल्यास कोंबडी आजारी पडते. उपाय : जाळीचा उपयोग नाही. एका जागी कायमचा बांधून ठेवावा.”

विळीवरचा हात थांबला होता. विमलबाईंनी मुलाकडे पाहिलं. कानांनी कबुली दिली.

“कुनी बांधाचा?” विमलबाईंनी विचारलं.

“ते... खाली लिहिलंय.”

“मंग वाच.”

वैष्णवीला ते वाचता येईना. दोन ओळींचंच होतं, पण अक्षरं हलत होती. केतनने तिच्या हातातून कागद घेतला आणि वाचला. आधी मनात. मग मोठ्याने, अडखळत.

“बांधून ठेवायला... मी तयार आहे. डॉक्टर वैष्णवी शेडगे.”

पापलेटावर माशी बसली. ती कुणी हाकलली नाही.

“किती कोंबरे नेलंस?” विमलबाईंनी अखेर विचारलं.

“सहा.”

“मेले?”

“नाय आई. जिते हायत. जाडे झालेत.”

विमलबाईंनी माशांचे हात तसेच वर धरून बोटं मोजायला सुरुवात केली. “इकरं पंधरा. मोऱ्याला सहा.” बोटं संपली, परत पहिल्यापासून मोजली. मग त्यांनी देवीकडे पाहिलं. “म्हंजे झाले गो आई. एकवीस.”

केतनचा चेहरा पांढरा पडला. ज्या आकड्यापासून तो सहा शुक्रवार पळत होता, तो विळीपाशी येऊन बसला होता.

“बोललेय मी. एकवीस झाले का हलद,” विमलबाई म्हणाल्या. “नावड्याला मी फोन करतंय. नाय म्हनून सांगाला. त्या पोरीनं मना कवा नीट आई म्हटला नाय, कोंबरीचा तोंड काय हुंगाची ती!” आणि वैष्णवीकडे वळून, “तू उभी काय? इकरं ये. पापलेट घेऊन जा बापासाठी. रिकामे हातानं कशी सांगशील त्याला?”

त्या रात्री कोपरखैरण्यात बाबासोंनी पापलेट खाल्लं, हात धुतले आणि मग विचारलं, “पोरगं करतंय काय?”

“कंपनीत सुपरवायझर आहे.”

“आनि सुट्टीच्या दिशी?”

वैष्णवीने सगळं सांगितलं. बाबासो विचारात पडले.

“जिता कोंबडा, न वरडू देता, दोन कड्या काढून न्ह्यायचा आन् कड्या परत लावायच्या. सहा डाव. म्हंजी पोराच्या हाताला कसब हाय.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “एकच सांगतो लेकी. त्यांच्या हळदीचं जेवान बघून आपलं पावणं गावाला परत जायाचं न्हाईत.”

---

माघातली तारीख निघाली. हळद शुक्रवारी आली. भटजींनी काढलेला मुहूर्त होता, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

मोऱ्याचे सहा परत आले होते. कपाटात एकवीस कोंबडे होते, आणि केतनचे मोठे काका गुरुवारपासून सुरीला धार लावत होते. केतन दिवसाला दहा फोन करत होता आणि वैष्णवी त्याला सांगत होती, काळजी करू नकोस, मी चिठ्ठी लिहून ठेवलीय – “सर्व कोंबड्यांना जंताचं औषध दिलं आहे, एकवीस दिवस मांस खाऊ नये.” औषध तिने खरंच दिलं होतं. खोटं सांगायचं नाही, हे ती त्याच्याकडूनच शिकली होती.

शुक्रवारी दुपारी, कोपरखैरण्यात तिच्या गालांना हळद लागत असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पलीकडे पिवळाधमक केतन आणि त्याच्या मागे उघडं कपाट. साड्यांचा कप्पा रिकामा. तिजोरी रिकामी.

“गेले!” तो कुजबुजला. “एकवीसच्या एकवीस! काका सुरी घेऊन उभे हायत!”

“केतन...”

“आईशप्पत, मी नाय! मला सकाळपासून पाटावरून उठू दिलं नाय कोणी!”

“कड्या?”

“दोन्ही लावलेल्या.”

“अंगणात रांगोळी घातलीय ना? सगळ्यांचे पाय दाखव.”

फोन खाली झुकला आणि मांडवातून फिरू लागला. काकांचे बूट. मावशीचे पैंजण. भाडेकरूंची पोरं. मग हिरव्या नऊवारीच्या काठाखाली दोन पाय आले. घोट्यापर्यंत पांढरे.

फोन वर गेला. विमलबाई लांब कुठेतरी बघत होत्या.

“आई, सकाळी कुठं गेलेलीस?”

“रांगोली घालाला.”

“घोट्यापर्यंत?”

“सौरभ टेम्पो घेऊन आयला व्हता. मोऱ्याला गेले समदे.” मग त्यांचा आवाज चढला. “काय बघतंस? आईला मी बोललेली, दारात एकवीस झाले का हलद. झाले. लागली हलद. कापीन बोललेली का? माझी सून डॉक्टरीन. तिचे पेशंट कापून तिचेच लग्नान वाढू? लोकां काय नाव कारतील माझा? काकाला सांग, बॉयलर आनलाय, गप जेव.”

“मग एवढे महिने माझा जीव का टांगणीला लावलास?”

“तू इचारलंस कवा? चोऱ्या करत बसलास.”

केतनने फोन परत स्वतःकडे वळवला. हळदीखाली त्याचे कान केशरी दिसत होते.

“आनुवंशिक आहे,” वैष्णवी गंभीरपणे म्हणाली. “घरात एक नाही, दोन मुंगसं आहेत. लक्षणं शुक्रवारी दिसतात.”

“उपाय काय, डॉक्टर?”

“उपाय नाही. मलाच तिकडे येऊन राहावं लागणार.”

“वैष्णवी,” तो हळूच म्हणाला. ‘मॅडम’ नाही, ‘तुमी’ नाही. “तू ना...”

“बोल.”

“तू ना, पहिल्या दिवशी... ते चोचीत नाक घातलंस ना...”

“केतन, थांब.” ती फोनच्या जवळ आली. “तुझ्या मागे बघ. शेवंती आहे ती?”

“हां. ती नाय गेली मोऱ्याला. ती जाणार नाय कुठं.”

“तिच्या तोंडात काय आहे?”

केतन वळला. मांडवातल्या जेवणाच्या पहिल्या पंगतीतून शेवंती एक अख्खा खारा बांगडा ओढत, कुणाच्या बापाला न भिता, सावकाश कपाटाकडे चालली होती. अर्धा आधीच संपलेला होता.

फोन धाडकन खाली पडला. पडद्यावर मांडवाचं छत दिसलं, धावणारे पिवळे पाय दिसले, काकांची ओरड ऐकू आली आणि कॉल बंद झाला.

कोपरखैरण्यात बायका परत हळद लावू लागल्या. “नवरदेव काय म्हनत व्हता गं?” कुणीतरी विचारलं. वैष्णवीने फोन मांडीवरच ठेवला.

पंधरा मिनिटांनी तो वाजला. तिने पिवळ्या बोटाने पडदा उघडला.

“दोन चमचे.”